चौकीचा पडदा

पुलगावच्या इतर फोटो स्टुडिओंसारखा प्रभाकररावांच्या स्टुडिओतही ताजमहालाचा पडदा होता. शहाण्णव साली त्यांनी तो उतरवला आणि स्वतः रंगवलेला टांगला.

कोकणात मित्राकडे गेले असताना लष्करानं सोडून दिलेली तोफांची चौकी त्यांनी पाहिली होती. काळवंडलेली भिंत, तिच्यात तोफेसाठी आडवी फट, फटीतून चमकणारा समुद्र. माणसं मारायला बांधलेली जागा इतकी शांत, इतकी देखणी कशी, या विचारानं त्यांना पछाडलं होतं. तीच चौकी, समुद्रासकट, त्यांनी पडद्यावर रंगवली.

"ताजमहाल सोडून पडक्या भित्तीसमोर कोन उभं राहीन?" त्यांची बायको सुलोचनाबाई म्हणाल्या.

"पाहशीन तू," प्रभाकरराव म्हणाले. हौसेला मोल नसतं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते दारूगोळा डेपोतला एक जवान. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"चौकी खाली क्यों है, साहब?"

चौकी रिकामी का, हा प्रश्न प्रभाकररावांना दाद वाटला. फोटोत मात्र त्याचे बूट दिसत नव्हते. कॅमेरा हलला असेल, म्हणून त्यांनी सोडून दिलं.

मग त्यांच्या मुलीची, ज्योत्स्नाची पाळी आली. अल्लीपूरच्या स्थळानं मुलीचा उभा फोटो मागवला होता. पोरीला चांगलं घर मिळावं म्हणून प्रभाकररावांचा जीव टांगणीला लागलेला. मोरपंखी साडीत ती पडद्यापुढे उभी राहिली.

"बाबा, इथं गार लागून राह्यलं," ती म्हणाली. पंखा बंद होता.

वर्ध्याहून फोटो धुवून आला. ज्योत्स्ना पडद्याच्या पुढे उभी होती. फोटोत मात्र पडद्यावरची भिंत तिच्या पुढे होती. गुडघ्यापर्यंत.

त्यांनी पुन्हा काढला. या वेळी कमरेपर्यंत.

चित्रात काहीतरी उणं आहे, असं त्यांना रोज वाटायचं. आता वाटेना. चौकी कधी नव्हे इतकी सुंदर दिसत होती. त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

ज्योत्स्ना हल्ली गप्प असायची. हाक मारली की उशिरा ओ द्यायची, लांबून आल्यासारखी.

एका दुपारी प्रभाकररावांनी स्टुडिओचं दार आतून लावलं. सुलोचनाबाई बाजारात गेल्या होत्या. ज्योत्स्ना मागच्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती.

त्यांनी कात्री उचलली. पडद्यावरच्या भिंतीला टेकवली.

स्वयंपाकघरातून ज्योत्स्नाचा शांत आवाज आला.

"बाबा, कापू नका. भित्तीमागं पाणी लय चढलं. घरात येईल."