केसभर फिरवलेलं भिंग

विठ्ठलवाडी स्टेशनबाहेरच्या राघोशेठच्या भंगाराच्या दुकानात तुळसाने मिक्सरच्या भांड्यांखालून एक जुनी लेन्स उपसून काढली, ओढणीने पुसली, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "अहो, ती माझी आहे."

तिने वळून पाहिलं. भिजलेला शर्ट, कपाळाला चिकटलेले केस, आणि चेहऱ्यावर लेन्स हातात आल्यासारखंच हसू.

"तुमची? नाव कोरलंय का हिच्यावर?"

"नाव नाही, पण हिची बॉडी माझ्याकडे आहे. सकाळी घेऊन गेलेलो. घरी जाऊन बघतो तर पुढे नुसतं भोक!" त्याने पिशवीतून एक जाडजूड रशियन झेनिट कॅमेरा बाहेर काढला. लेन्सच्या जागी खरंच भोक होतं.

"मग बॉडी मला द्या. मी जुने कॅमेरे दुरुस्त करून विकते. तुम्ही काय करणार? शोकेसमध्ये ठेवणार?"

"फोटो काढणार... कॅमेऱ्याने तेच करतात ना?"

तुळसाने ती बॉडी कानाशी धरून बटण दाबलं. "बंद शटरने?"

त्याचं हसू जरा ओसरलं. "बंद आहे?"

"आवाजावरून तरी तसंच वाटतंय."

"दोघं मिळून न्या रे बाबांनो," राघोशेठ वैतागून म्हणाले. "माझं डोकं नका खाऊ."

तर दोघांनी मिळून नेला.

त्याचं नाव सर्वेश. कल्याणच्या एका शाळेत तो चित्रकला शिकवायचा आणि विठ्ठलवाडीतल्या आपल्या घरात, बाथरूमच्या खिडकीला काळा कागद लावून, फिल्म धुवायचा. तुळसा ठाण्याच्या कोपरीतली. आजोबांचा जन्म मिठागरात गेला, वडिलांनी, म्हणजे पंढरीशेठनी, उरलेल्या जमिनीवर इमारत उठवली, आणि लेकीने त्या इमारतीच्या एका गाळ्यात भाडेकरू ठेवायचा सोडून बंद पडलेले कॅमेरे मांडले. डिप्लोमा मेकॅनिकलचा, नाव पणजीचं, आणि राग नाकाच्या शेंड्यावर.

झेनिट तिने दुरुस्त केला. सर्वेशने त्यात रोल घालून फोटो काढले, धुतले, इंटरनेटवर टाकले, आणि नागपूरच्या एका मुलाने तो कॅमेरा लगेच घेतला. मग दुसरा आला, मग तिसरा. तिने उघडायचा, साफ करायचा, जुळवायचा. त्याने रोल काढून तपासायचा आणि गिऱ्हाईक शोधायचं. दर रविवारी सर्वेश कोपरीला यायला लागला.

"काय गो तुळसे," पंढरीशेठ एकदा म्हणाले, "आमाला च्या दे म्हटला तर हात मोकळा नसतो तुजा. ह्यो पोऱ्या आला का दोनदा च्या कशी होते?"

"बाबा, पाहुणे आहेत ते!"

"दर आयतवारी येतो तो पावना?"

सर्वेश मान खाली घालून बशीतला चहा ढवळत राहिला. बशीतला! तुळसाला हसू आवरेना.

सगळं असं छान चाललेलं असताना ऋजुता आली.

ऋजुता डोंबिवलीची. उंच, मोकळे केस, बोलताना समोरच्याच्या मनगटाला सहज हात लावायची सवय. तिचे वडील सुधीर सर कितीतरी वर्षं तबला शिकवत होते. आता त्यांची बोटं थरथरायला लागली होती, आणि यंदाच्या गुरुपौर्णिमेला ते शेवटचं वाजवणार होते. "ती संध्याकाळ मला फिल्मवरच हवी," ऋजुता म्हणाली. "मोबाइलवर हजार फोटो येतील. मला बाराच हवेत, पण कायमचे."

कारण चांगलं होतं. मुलगीही चांगली होती. तुळसाचं डोकं त्यामुळेच जास्त फिरलं.

कॅमेरा निवडायला म्हणून सर्वेश तिला दोन-तीन ठिकाणी घेऊन गेला. पुढच्या रविवारी त्याने धुतलेले फोटो टेबलावर पसरले. दुर्गाडीच्या खाडीवर ऋजुता. तलावपाळीच्या कठड्यावर ऋजुता, केस उडताहेत. भुट्टा खाताना ऋजुता, ओठाला दाणा चिकटलेला.

"कसे आलेत?" सर्वेशने उत्साहाने विचारलं.

"शार्प आहेत."

"बस? एवढंच?"

"कॅमेरा तपासायचा होता ना? तपासला गेला. भुट्टा पण चांगला दिसतोय."

"तुझं काही बिनसलंय का?"

"माझं? मला काय धाड भरलीये?"

तो गेल्यावर तिने ते फोटो पुन्हा पाहिले, एकेक करून. इतक्या महिन्यांत, इतक्या रोलांमध्ये, त्याने तिचा एकही फोटो काढला नव्हता. खाडीवरच्या बगळ्याचा काढला होता. पंढरीशेठच्या स्कूटरचा काढला होता. तिचा... नाही.

ऋजुताने शेवटी याशिका पसंत केला, दोन भिंगांचा. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्या भिंगातून फोटो निघतो. दोन्ही भिंगं एकमेकांशी तंतोतंत जुळलेली लागतात, नाहीतर डोळ्याला स्पष्ट दिसतं आणि फिल्मवर सगळं धुरकट उमटतं.

गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशी तुळसाने तो कॅमेरा शेवटचा पुसायला घेतला. बाहेर पावसाची बारीक झिमझिम चालू होती. वरच्या भिंगाचे इवलेसे स्क्रू तिने सैल केले, भिंग केसभर फिरवलं, आणि स्क्रू पुन्हा आवळले. काढ आता फोटो, ती मनात म्हणाली.

संध्याकाळी ऋजुता कॅमेरा घेऊन गेली. जाताना तिने तुळसाला चक्क मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर्वेशचा फोन आला. तो कार्यक्रमाच्या हॉलवर निघाला होता.

"तू पण ये ना. ऋजुता घाबरलीये, एकच रोल आहे म्हणून. मी तिला म्हटलं, तुळसाच्या हातून गेलेला कॅमेरा मी डोळे मिटून देतो. मी तर काल तपासला पण नाही."

तुळसाची नजर टेबलावरच्या स्क्रूड्रायव्हरच्या डबीवर गेली.

"हॅलो? आहेस ना?"

"आहे... येते मी."

स्क्रूड्रायव्हरची डबी, भिंग, बटर पेपर आणि एक नवा रोल तिने पिशवीत कोंबला आणि ती डोंबिवलीला पोचली तेव्हा हॉलबाहेर चपलांचा ढीग पडलेला होता. आत कोणीतरी तबला सुरात लावत होतं. ऋजुता विंगेत, गळ्यात कॅमेरा अडकवून उभी होती.

"ऋजुता, तो कॅमेरा दे. खराब आहे तो."

"काय? अगं, रोल भरलाय मी!"

"कॅमेरा उघडला की उजेडाने तो वाया जाईल, मी दुसरा आणलाय. दे लवकर." आणि मग, कारण खोटं बोलायला आणखी एक खोटं लागलं असतं, ती म्हणाली, "मी मुद्दाम बिघडवला होता."

ऋजुताने गळ्यातला पट्टा काढून कॅमेरा तिच्या हातात दिला. मेकअपच्या खोलीतल्या टेबलावर तुळसाने कॅमेरा उघडला, फिल्मच्या जागी बटर पेपर ताणला, आणि हातातलं भिंग लावून त्यावर पडलेली पलीकडच्या दिव्याची रेघ वरच्या काचेत दिसणाऱ्या रेघेशी जुळवायला लागली. दोनदा स्क्रू निसटला.

"माझ्या बाबांचा कार्यक्रम होता," ऋजुता हळूच म्हणाली. "तुला माहीत होतं."

"माहीत होतं."

"सर्वेशमुळे?"

तुळसाने मान डोलावली. वर बघायची तिची हिंमत झाली नाही.

"मी विचारलेलं त्याला," ऋजुता म्हणाली. "तलावपाळीला. तो नाही म्हणाला. म्हणजे तुझं डोकं फिरायला कारण होतं... पण राग चुकीच्या माणसावर काढलास तू." तिने डोळ्यांच्या कडा पुसल्या, काजळ सांभाळत. "झालं का? बाबा बसलेत स्टेजवर."

"झालं. आता बिनधास्त काढ."

"ह्या वेळेला मी डोळे मिटून घेणार नाही हां," असं म्हणून ऋजुताने स्वतः बटर पेपरवरची रेघ तपासली, नवा रोल भरला आणि गेली.

दारात सर्वेश उभा होता. केव्हापासून, कोण जाणे. त्याने सगळं ऐकलं होतं हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तो वळला आणि हॉलच्या मागच्या पत्र्याच्या शेडखाली, उभ्या स्कूटरींमध्ये जाऊन थांबला. तुळसा त्याच्यामागे गेली. पाऊस आता चांगला कोसळत होता. आतून तबल्याचा पहिला बोल आला.

"अजून कुठल्या कॅमेऱ्यात केलंयस असं?" त्याने विचारलं.

"नाही रे. शप्पथ."

"लोक माझ्या शब्दावर घेतात. आणि माझा शब्द म्हणजे काय? तू." त्याचा आवाज चढला नाही, त्याने तिला जास्तच लागलं. "माझ्याशी भांडायचं होतंस. मला दोन फटके मारायचे होतेस."

"मारले असते. पण काय म्हणून मारू? मी तुझी कोण?" "सगळ्या जगाचे फोटो काढतोस. बाबांच्या स्कूटरचा पण काढलास! मी रोज तिथेच बसलेली असते, सर्वेश... मी दिसतच नाही का तुला?"

त्याने कपाळावरचे ओले केस मागे सारले. मग म्हणाला, "एकदा काढायला गेलेलो. विकायच्या आधीचा झेनिट होता हातात. शेवटच्या फोटोचं बटण दाबलं, तर तू वर न बघता म्हणालीस, 'शटर अडकतंय, आण इकडे,' आणि कॅमेरा काढून घेतलास. रोल पण उघडलास. सगळा गेला."

"तो माझा होता?"

"अख्खा रोल तुझा होता, बाई."

तुळसाने तोंडावर हात ठेवला. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू येऊ बघत होतं, आणि तो ते दाबत होता.

"मी चिडलोय अजून," तो म्हणाला. "रविवारी पण चिडलेला असेन. आणि तू ऋजुताला एक कॅमेरा फुकट दुरुस्त करून देणार आहेस, कधीही."

"हो. जन्मभर."

"आणि जळायचं असेल ना, तर जळणं काय असतं ते मला विचार." तो जवळ आला. "प्रत्येक कॅमेरा तू गालाशी धरतेस, डोळे मिटून ऐकत बसतेस, आणि मी समोर... थंड चहा घेऊन. त्या डबड्यांवर इतका जळतो मी, माहितीये?"

आत टाळ्या पडल्या. सुधीर सरांनी काहीतरी अवघड वाजवलं असणार. तुळसा एक पाऊल पुढे आली. तिने कान त्याच्या ओल्या शर्टाला टेकवला आणि डोळे मिटले.

"काय?" तो पुटपुटला. "काही बिघडलंय?"

"फार फास्ट चालतंय."

"मग दुरुस्त करणार?"

"अं हं," ती कान न हलवता म्हणाली. "असंच राहू दे."