नवा हातमोजा

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने पितो. बुरशी लागली की कातडी जाड होते, पाणी आत शिरत नाही आणि शेवटी हृदय थांबतं. म्हणून आमच्या प्रयोगशाळेत नियम एकच: प्रत्येक बेडकाला नवा हातमोजा. माझा नवरा माझ्याच हाताखाली काम करतो, त्याने हे सतरांदा ऐकलंय. तरी त्या सकाळी तळ्यावर एक आजारी बेडूक निसटला आणि या महाशयांनी तो उघड्या हाताने झेलला. मी तिथेच त्याची हजेरी घेतली.

"माणसाला होत नाही, बाईसाहेब," तो हसून म्हणाला. ते खरंच होतं.

मग हळूहळू त्याचं पाणी पिणं सुटलं. चहासुद्धा नको. बाथरूममधल्या टबात पाय सोडून तासन्‌तास बसायचा, उकडतंय म्हणायचा. टब मी भरायचे आणि दुपारपर्यंत पाणी अर्ध्यावर यायचं. तडा असेल म्हणून मी टब उलटा करून पाहिला. फरशी कोरडी ठाक होती.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. मग लाज बाजूला ठेवून मी त्याच्या पोटरीवरून बेडकांच्या तपासणीचा बोळा फिरवला. बुरशी नव्हती. माझा जीव भांड्यात पडला.

रविवारी टब भरला होता तसाच काठोकाठ राहिला.

तो खिडकीखाली उन्हात बसला होता, पाय फाकवून. हाक मारली तरी मान वळेना. तळ्यावरचे बेडूक शेवटी असेच उघड्यावर येऊन बसतात. 

अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला, पण ती येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणं मला जमणार नव्हतं. आमच्या खोल्या प्रयोगशाळेच्या मागेच आहेत. धावत जाऊन बेडकांचं औषध आणि हातमोज्यांचं खोकं आणलं, हातमोजे चढवले आणि त्याचे पाय चोळायला लागले. कातडी चपलेच्या तळासारखी लागत होती.

"हातमोजे काढ," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटेना.

"माणसाला होत नाही," मी स्वतःला बजावलं आणि काढले.

चोळत राहिले. कातडी सुटून आली. अख्खी, पायमोज्यासारखी.

मग त्याने पाणी मागितलं आणि घटाघटा प्यायला. मी ढसाढसा रडले. अ‍ॅम्ब्युलन्सवाले त्याला तपासून, उगाच बोलावलं म्हणून कुरकुरत परत गेले.

संध्याकाळी तो चहा भुरकत माझ्या रडण्याची नक्कल करत होता. माझा घसा सुकला होता. पेला तोंडाला लावला, पण घोट उतरेना. पेला खाली ठेवून त्यात नुसती बोटं बुडवली. फार बरं वाटलं.

नक्कल थांबली. तो पेल्याकडे बघत होता. पेला रिकामा होता.

तो उठला, खोक्यातून नवे हातमोजे काढून घातले आणि माझा पेला पुन्हा भरला.