खाली बघ

पहिल्याच दिवशी मी धैर्यशीलच्या तोंडावर लाथ मारली. पुढचं सगळं बघता, तेवढी एक गोष्ट मी वेळेवर केली म्हणायची.

कोल्हापुरातल्या एका तरण तलावात रविवारी स्कूबाचा, म्हणजे पाण्याखाली पोहण्याचा वर्ग भरायचा. तिथं शिकून शेवटी तारकर्लीच्या समुद्रात उतरायचं होतं. मी गारगोटीच्या शाळेत विज्ञान शिकवते, पण पोहायला शिकले विहिरीत. पाठीला डबा बांधलेला आणि काठावरून दादा, म्हणजे माझे वडील, ओरडताहेत, "मान वर! मान वर ठेव, पोरी!" तेव्हापासून पाण्यात गेलं की माझी मान वर जाते. मान वर गेली की पाय खाली, आणि स्कूबात तर आडवं राहायचं असतं! पाठीवर सिलिंडर, पायांत वल्ह्यांसारखे फिन्स, आणि मी पाण्यात उभीच्या उभी, सायकल मारतेय. त्यातली एक लाथ खालून जाणाऱ्याच्या मास्कवर बसली.

तो नाक धरून वर आला.

"ओ पावणं, पवायला आलाय का कुस्तीला?"

"तुम्ही माझ्या पायाखाली कशाला आला?"

"पाय मागं असत्यात असं वाटलं हुतं की!"

नाकातून रक्त येत होतं आणि तरी हसत होता. तिथंच मी… छे! तिथंच सावध व्हायला हवं होतं.

वर्ग घेणाऱ्या पृथ्वीराज सरांनी त्यालाच माझा जोडीदार केलं. पाण्याखाली जोडीनं उतरायचं आणि जोडीदाराला सोडून जायचं नाही, असा नियमच असतो. धैर्यशील आधी चार-दोनदा समुद्रात उतरलेला, त्यामुळे शिकवायची भारी हौस. त्यानं माझे फिन्स उचलून बघितले.

"हे कुणी दिलं तुला?"

"मीच घेतले. दुकानातले सगळ्यात जड."

"का?"

"जड ते टिकतं."

आम्हा कोल्हापूरकरांची ही खोडच. पातेलं असो नाहीतर चप्पल, आधी हातात तोलून बघायची.

"अगं, पाय आधीच बुडत्यात तुझं. त्यात हे रबर! हलकं घे, प्लास्टिकचं. आणि रंग बघत बसू नको."

मी हलके घेतले. रंगही बघितला.

पाय थोडे वर आले, पण कंबर खाली ओढायची, कारण खाली जायला बांधायची शिशाची वजनं सगळी कमरेच्या पट्ट्यात. धैर्यशीलच्या वडलांची, आण्णांची, शिरोलीला फाउंड्री आहे. तिथं त्यानं स्वतः शिशाच्या दोन वड्या ओतल्या आणि माझ्या सिलिंडरच्या वरच्या पट्ट्यात, खांद्यांजवळ बसवल्या. कुणाला गुलाब मिळतो, मला शिसं मिळालं. आणि मी वेडी, वर्ग संपला की त्या वड्या पर्समध्ये घालून गारगोटीला न्यायची.

तरी मी आडवी होईना.

"अजून मान वर हाय तुझी," तो म्हणाला. "खाली बघ. तळाकडं."

"मग तू कुठं हाईस ते कसं कळायचं?"

"मी हाय की! कुठं जातोय?" मग आवाज उतरवून म्हणाला, "माझ्याकडं बघतीस, म्हणून पाय पडत्यात."

"बरं… नाही बघत."

तो मास्कची पट्टी उगीच सारखी करत राहिला.

"बघ की," म्हणाला. "पडू देत पाय."

घरी आल्यावरही त्या पाच शब्दांनी मला झोपू दिलं नाही.

त्याच सुमारास दादांनी माझ्यासाठी कुरुंदवाडचं स्थळ आणलं. धैर्यशीलला सांगितलं, तर म्हणाला, "तारकर्लीला जायच्या आधी आण्णांशी बोलतो. तू फक्त थांब." मी थांबले. स्थळ परतवलं. दादा आठवडाभर माझ्याकडं न बघता जेवले.

तारकर्लीहून होडी समुद्रात निघाली. धैर्यशील माझा पट्टा आवळत होता, आणि इंजिनाच्या वर आवाज काढून पृथ्वीराज सर ओरडले, "काय धैर्यशील! परवा लग्नाची सुपारी फुटली म्हणं तुझी! पेढं कुठं हायत?"

सगळी होडी हसली. त्याचे हात पट्ट्यावरच थांबले.

"सांगणारच हुतो, अवंतिका… आण्णांच्या भागीदाराची पोरगी. प्रियदर्शनी. आण्णांनी शब्द दिलता. मी बोलायला गेलतो, पण…"

"बोललास?"

त्यानं आवळलेला पट्टा पुन्हा आवळला.

"माझं नाव तरी घेतलंस?"

"…न्हाय."

मास्क चढवलेला होता, आणि मास्कच्या आत डोळे पुसता येत नाहीत, म्हणून मी रडले नाही. जोडी बदला म्हटलं असतं तर सगळ्या होडीला कारण सांगावं लागलं असतं. म्हणून त्याच्याबरोबरच उतरले.

तो नेहमीसारखा पुढं. मी मान वर केली नाही. खाली वाळू होती, वाळूवर एक खेकडा तिरका तिरका निघाला होता. मी त्यालाच बघत राहिले. छाती जड झाली होती, पण पाय… पाय आपोआप वर येत गेले. फिन्सनी वाळूचा कणही उडाला नाही. धैर्यशीलची सावली दोनदा थांबली, वळली. आज तो बघत होता.

वर आल्यावर त्यानं मास्क ओढून काढला. क्षणभर सगळं विसरलाच तो.

"एकदम आडवी हुतीस गं! फळीसारखी! कसं जमलं?"

"तुझ्याकडं बघायचं सोडलं."

मी होडीत चढले, सिलिंडरच्या पट्ट्यातून वड्या काढल्या. समुद्रात फेकणार होते, पण शिसं माशांना वाईट, विज्ञान शिकवते मी. त्याच्या चपलांवर ठेवल्या, एकीवर एक.

गारगोटीपर्यंत पर्स हलकी लागत होती, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.