भाऊजींच्या गाडीचं नवं रबर

ही घटना खरी आहे. तसं सगळेच म्हणतात, ठाऊक आहे मला. मीही आयुष्यभर अशा गोष्टी वाचून नाक मुरडत आलो. आता माझी वाचून कुणी मुरडलं, तर माझी काही तक्रार नाही.

रात्र नव्हती. कुत्रं रडत नव्हतं. रविवारची दुपार होती, ताईच्या इमारतीखालचं पार्किंग होतं आणि वरच्या बाल्कनीत कुणीतरी चादरी झटकत होतं. भुतांच्या येण्याची ही वेळच नव्हे.

पण जे आधीच आलेलं आहे, त्याला वेळेचं काय?

गाडी माझ्या भाऊजींची. ताई माझी मोठी बहीण, हे तिचे यजमान. गाडी जुनी, पण सनरूफवाली. हौसेने घेतली, आणि हौस फिटेपर्यंत गाडीच म्हातारी झाली. पाऊस आला की छत गळायचं. काचांच्या कडेची रबरं वाळून, भेगाळून अगदी खारकेसारखी झाली होती. भाऊजींना दमा होता. "आमची जोडी जमलीये," म्हणायचे, "दोघंही खिळखिळे, दोघंही आवाज करणारे."

गेल्या हिवाळ्यात भाऊजी त्याच गाडीत गेले.

गाडी रस्त्याच्या कडेला सापडली. इंजिन बंद. दम्याचा पंप घरी टेबलावर राहिलेला. काच खाली घेण्याचं बटण कधीचंच निकामी. भाऊजींचं तोंड काचेच्या वरच्या कडेला टेकलेलं होतं. रबर जिथे सर्वांत जास्त फाटलं होतं...

तिथे.

त्यांनी दार का उघडलं नाही, ते कुणालाच सांगता आलं नाही. दार लॉक केलेलं नव्हतं.

त्यानंतर ताई गाडी चालवायला लागली. रोज. उगाच.

"मामा, आई आजपण सकाळपासून गायब आहे," भाचीचा फोन यायचा.

"फिरू दे गं. मन रमतं तिचं."

"मन बिन काही रमत नाही. ती कान काचेला लावून चालवते."

मी हसलो. मग एकदा ताईबरोबर गेलो आणि हसायचं बंद केलं.

गाडीने मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला. आणि तिच्या बाजूच्या काचेतून...

श्श्श्स.

थांबलं.

पुन्हा... श्श्श्स.

फाटक्या रबरातून वारा शीळ घालतो, हे मला मान्य आहे. पण वारा असा दम खात खात येत नाही.

"ऐकलंस ना छोट्या?" ताई म्हणाली. माझ्या डोक्यावरचे केस गेले, तरी तिच्यासाठी मी छोट्याच. "झोपेत अगदी अस्साच श्वास घ्यायचे हे."

ती हसत होती. तिच्या गळ्याची हाडं मोजता आली असती.

"रबर गेलंय, ताई," मी म्हणालो. आमच्या घरात वैज्ञानिक दृष्टिकोन माझ्याकडे आहे. म्हणजे, मी प्रत्येक गोष्टीला एक नाव देतो आणि घरी जातो.

मग एक दिवस ताई दुभाजकावर चढली. समोरून बस येत होती. बसचा ड्रायव्हर भला माणूस, त्याने वेळेवर ब्रेक मारला आणि मग शिव्या दिल्या. ताईने त्या ऐकल्याच नाहीत. तिचा कान काचेला होता.

भाची माझ्या घरी येऊन रडली. "बाबा तर गेले. आता ही पण जाणार. मला दिसतंय ते, मामा, आणि मी नुसती बघत बसलेय."

किल्ली लपवून झाली होती. तेव्हा ताई ना चिडली, ना भांडली. तिने फक्त जेवण सोडलं, आणि पाणीसुद्धा. शेवटी भाचीनेच किल्ली परत टेबलावर आणून ठेवली होती.

राहता राहिला तो आवाज. तो गेला, तर ताई गाडीतून उतरेल. आम्हा दोघांना एवढंच सुचलं.

"छत गळतंय, भाऊजींची सीट कुजेल," असं मी ताईला सांगितलं. ती लगेच हो म्हणाली.

त्या रविवारी मी व्हिडिओ बघून आलो होतो. व्हिडिओ बघितलेला मध्यमवयीन पुरुष काय करू शकत नाही?

"जमेल तुला?" भाचीने विचारलं.

"मी एम.ए. आहे."

"म्हणूनच विचारतेय."

जुनं रबर सरळ निघेना, त्याचा भुगाच हातात यायचा. खाच धारदार पत्तीने खरवडायची, थिनरने पुसायची, गोंद लावायचा आणि नवी पट्टी कोपऱ्यापासून दाबत जायची. ओढायची नाही. ओढली की ती पुढे आक्रसते आणि कोपरा उघडा पडतो. भाची दाबत होती, मी सूचना देत होतो. मग पत्ती माझ्या हातात आली आणि सूचना तिच्याकडे गेल्या.

ताईच्या बाजूची काच झाली. एक चक्कर मारून आलो.

आवाज होताच. आता मागच्या काचेतून.

सगळ्या काचा केल्या. आवाज... छतातून.

सनरूफचं रबर बदललं, जोड मागच्या बाजूला घेतला, व्हिडिओत सांगितलं होतं तसा. गाडी जागेवर उभी होती. इंजिन बंद होतं. वारा नावालाही नव्हता.

आणि कोपऱ्यातून...

श्श्श्स.

सनरूफच्या चारही कोपऱ्यांत बारीक भोकं असतात. छतावर साचलेलं पाणी त्यातून नळीवाटे खाली जातं. ती बुजवायची नसतात. बुजवली, तर पाणी आत तुंबतं. एवढं मला माहीत होतं.

भाचीने भोकाशी बोट नेलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"मामा... ओढतंय."

"काय ओढतंय?"

"हवा. आतून. तू लाव बोट."

मी लावलं. हलकीशी ओढ लागली. थांबली. पुन्हा लागली.

मी सिलिकॉनच्या गोंदाची ट्यूब उचलली आणि चारही भोकं भरून टाकली. विचार वगैरे काही केला नाही. कुणी आत घुसायला लागलं की आपण दार लोटतो, तसं.

मग आम्ही आत बसून दारं लावली.

शांत.

वरच्या बाल्कनीतली चादर झटकलेली दिसत होती. ऐकू येत नव्हती.

"गेला," भाची कुजबुजली. मग रडायला लागली, मग हसायला. "मामा, गेला रे आवाज!"

आम्ही जिन्याने वर गेलो. किल्ली टेबलावर ठेवली. गोंद साबणाने जात नाही, म्हणून बाथरूममध्ये तेलाने हात चोळत बसलो. बाहेर येऊन बघतो, तर किल्ली नव्हती.

ताईही नव्हती. ती लिफ्टने गेली होती.

खाली धावलो. गाडी जागेवरच होती. ताई आत बसलेली.

सगळ्या काचा आतून वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या. इतक्या थोड्या वेळात एका माणसाच्या श्वासाने एवढी वाफ धरत नाही. शेजारच्या रिकाम्या सीटसमोर काचेवर एक दाट ठिपका होता...

तो मोठा होत होता. लहान होत होता. पुन्हा मोठा.

मी दार ओढलं. लॉक नव्हतं. तरी उघडेना.

"नवं रबर आहे, रंगाला चिकटलंय," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. मलाच ऐकवायचं होतं.

भाचीने फोन लावला. ताईने उचलला.

"आई, दार उघड."

"थांब गं जरा." ताईचा आवाज तुटत होता. "आता ते... कुठे जात नाहीयेत. इथेच आहेत. माझ्याशेजारी."

"आई, तुला धाप लागलीये!"

"मला नाही... त्यांना."

फोन स्पीकरवर होता. ताईच्या धापेमागे आणखी एक धाप होती. जड. सावकाश.

"दोघांना पुरत नाहीये गं," ताई म्हणाली. अगदी घरातलं सांगावं तसं.

कुठलीच गाडी खरं तर हवाबंद नसते. पेडलपाशी, डिकीत, फटीच फटी असतात. तेही मला माहीत होतं. आणि वाफेतून दिसत होतं, की ताईचे ओठ निळे पडत चाललेत.

"मामा, कर ना काहीतरी!"

मी तिथेच पडलेला पान्हा उचलून काचेवर मारला. पान्हा उसळून परत आला. काचेला ओरखडाही नाही. पुन्हा मारला. भाची दार ओढत होती, "बाबा, सोडा तिला, बाबा, सोडा ना," म्हणत होती. ताईची मान एका बाजूला कलली.

मी पान्हा टाकला. खिशातली पत्ती काढली आणि काचेच्या वरच्या कडेला घातली. तिथेच, जिथे भाऊजींचं तोंड टेकलं होतं. गोंद ओला होता. नवं रबर दोरीसारखं उपसून आलं.

आणि...

गाडीने श्वास घेतला.

दुसरा शब्द मला आजवर सापडलेला नाही. हवा बाहेर नाही आली, आत गेली. लांब. खोल. बुडत्या माणसाने डोकं वर काढून घ्यावा तसा. जमिनीवरचा रबराचा भुगा उडून फटीला चिकटला. माझी बाही ओढली गेली.

मग दार उघडलं. आम्ही ओढत नसताना. ताई माझ्या खांद्यावर कोसळली. शेजारच्या सीटसमोरची काच कोरडी, लख्ख होती.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. सगळं ठीक म्हणाले. गाडी भंगारात गेली, कागदावर सही ताईनेच केली. आता ती आणि भाची आमच्याकडे राहतात. ताई जेवते. मला चारचौघांत रागावते. गाडीचं नाव काढत नाही, भाऊजींचंही नाही. आम्हाला हेच हवं होतं. मिळालं.

परवा दुपारी ताई आतल्या खोलीत झोपली होती. भाची भांडी पुसत होती. एकदम थांबली.

"मामा, तो श्वास आत गेला. तूपण ऐकलास ना?"

"हो."

"बाहेर आलेला ऐकलास?"

मी हवेच्या दाबाबद्दल काहीतरी बोललो. शिकलेल्या माणसाला नेहमीच काहीतरी बोलता येतं. तिने माझं सगळं संपू दिलं. मग नुसतं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

आम्ही दाराशी जाऊन उभे राहिलो. ताई शांत झोपली होती. चेहऱ्यावर चांगला रंग होता. तिचा श्वास आत गेला.

मग... काहीच नाही.

बऱ्याच वेळाने तो बाहेर आला. खूप लांब. एका माणसाचा वाटणार नाही, इतका.

पुन्हा आत गेला.

आता रोज दुपारी आम्ही तिथे उभे असतो. तो बाहेर येईपर्यंत आमचा श्वास रोखून.