सव्वानऊचा पाहुणा

खरं म्हणजे तो आमच्याकडे आलाच नव्हता. निघाला होता शेजारच्या वकिलांकडे, पण दार चुकला आणि थेट माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

मी हनुवटीखाली हात घेऊन पडद्यावरचं फिरतं चक्र बघत बसले होते. एक्स-रे सेंटरमध्ये रिपोर्ट टाइप करायचे हे माझं काम, आणि माझा कॉम्प्युटर सकाळी जागा व्हायला अकरा मिनिटं घ्यायचा.

"कॉम्प्युटर दुरुस्तीला तुम्हीच बोलावलंत का?"

"मी नाही बोलावलं. पण आलाच आहात तर बसा," मी म्हणाले. माझी जीभ नेहमी माझ्या दोन पावलं पुढे असते.

तो बसला. खुर्ची ओढून, अगदी माझ्या कोपराजवळ. त्यानं एक लांबलचक यादी उघडली.

"कॉम्प्युटर चालू केला की ही सगळी मंडळी आपोआप उठून कामाला लागतात. काही घरची, काही नुसती आगाऊ... आणि एखादा चोर."

"चोर ओळखायचा कसा? नावावरून?"

"नावावर तर मुळीच जायचं नाही. चोर सभ्य नाव लावूनच येतो. तीन गोष्टी विचारायच्या. कुणी बनवलाय, राहतो कुठे, आणि आला कधी?"

"बाई गं! हे तर स्थळ बघितल्यासारखं झालं."

तो हसला. हसताना आधी खाली बघतो आणि मग तुमच्याकडे, हे मला त्याच क्षणी कळलं... आणि माझा निकाल लागला.

चोर सापडला. नाव 'प्रिंटर मदतनीस', पण प्रिंटरच्या कंपनीचा पत्ताच नाही, आणि मुक्काम तात्पुरत्या फायलींच्या अडगळीत! त्यानं तो काढून टाकला. कॉम्प्युटर मिनिटभरात सुरू झाला. तिकडे वकील अर्धा तास ताटकळले. आमच्या डॉक्टरबाईंनी मात्र खूश होऊन सगळ्या सेंटरचं काम त्याच्याकडे दिलं. मी मनातल्या मनात त्याचं नाव 'वैद्य' ठेवलं.

वैद्य रोज यायला लागला. पण माझ्याकडे नाही, काउंटरवर!

काउंटरवर साखरबाई बसायची. हेही नाव मीच ठेवलेलं. बोलणं असं की पेशंट हाड मोडलेलं विसरून हसायचे. तिचा कॉम्प्युटर रोज सकाळी बिघडायचा. वैद्य रोज यायचा, तिच्या शेजारी खुर्ची ओढायचा, आणि माझ्या काचेच्या दारातून मला सगळं दिसायचं. तिचं मान वेळावणं. त्याचं ते आधी खाली बघून हसणं. माझ्या वाट्याचं हसणं तो तिला फुकटात वाटत होता!

एकदा तो माझ्या दारात डोकावला. "तुमचा कसा चाललाय?"

"उत्तम. आमच्याकडे रोज रोज बिघडायची पद्धत नाही."

तो काहीतरी बोलणार होता... पण मी रिपोर्टात तोंड खुपसलं. नाकावर राग, दुसरं काय. घरी आईनं विचारलं, "कुणावर चिडलीयस?" मी म्हटलं, "प्रिंटरवर."

शुक्रवारी मला अक्कल सुचली. तिचा कॉम्प्युटर मीच बरा केला तर त्याला यायचं कारणच उरणार नाही. साखरबाई डबा खायला गेली तशी मी तिच्या खुर्चीत बसले आणि यादी उघडली. त्यात एक नाव होतं, नुसती अक्षरं आणि आकडे, चोरासारखंच. मी त्याचं सकाळी आपोआप उठणं बंद करून टाकलं. तीन प्रश्न? मत्सरानं पेटलेल्या बाईला एकही प्रश्न आठवत नाही.

शनिवारी सकाळी बाकांवर अकरा पेशंट, आणि मशीनमधून एकही एक्स-रे पडद्यावर येईना. डॉक्टरबाई बाहेर काउंटरपाशी आल्या.

"रोज याच कॉम्प्युटरची रडगाणी! तू काय काय उघडतेस त्यावर? सोमवारपासून दुसरी मुलगी बघते मी."

"मॅडम, शपथेवर सांगते, मी कशालाही हात लावला नाही..." साखरबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्यात साखर अजिबात नव्हती. घरात तिचे अंथरुणाला खिळलेले वडील होते, हे मलाही माहीत होतं.

एवढ्यात वैद्य आत आला. त्याच्यासमोर तोंड उघडलं तर तो मला कायमचा गेला, आणि मिटलं तर हिची नोकरी गेली.

"मी बंद केलं ते," मी म्हणाले. "काल दुपारी."

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "का?"

"हे रोज हिच्याकडे येतात म्हणून."

बाकावरच्या एका आजोबांनी नीट ऐकू यावं म्हणून मान पुढे केली. वैद्य खुर्चीत बसला, आकड्यांचं ते नाव पुन्हा सुरू केलं, आणि दोन मिनिटांत कुणाच्या तरी बरगड्या पडद्यावर उमटल्या.

"एक्स-रे आणणारा हाच," तो हळूच म्हणाला. "चोर दुसरा आहे. मी रोज काढतो, तो रोज सव्वानऊला परत येतो."

"सव्वानऊला तर ताईच येते," साखरबाई नाक पुसत म्हणाली. "छापायचे रिपोर्ट पेन ड्राइव्हवर घेऊन."

मी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. त्यात तोच होता, प्रिंटर मदतनीस! चोर पुन्हा आत शिरू नये म्हणून माझ्या कॉम्प्युटरला वैद्यानं पहिल्याच दिवशी कडी घातली होती. काउंटरला नव्हती.

"म्हणजे रोज यांना माझ्याकडे तूच पाठवत होतीस?" साखरबाईनं कपाळावर हात मारला.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"चूक त्यांची नाही," वैद्य डॉक्टरबाईंकडे वळला. "मला बुधवारीच संशय आला होता. पेन ड्राइव्ह मागून घेतला असता तर तेव्हाच काम संपलं असतं. पण... काम संपलं असतं. आणि या खुर्चीतून आतलं काचेचं दार दिसतं."

मला हर्ष व्हायला हवा होता. झालाही. पण आधी संताप आला. "आणि तीन दिवस बोलणी हिनं खाल्ली! आधी हिची माफी मागा."

त्यानं मागितली. मग मी मागितली. साखरबाई म्हणाली, "दोघं सारखेच आहात, शोभता एकमेकांना."

डॉक्टरबाईंना काही ते शोभलं नाही. "तुमचं काम इथे संपलं," त्या वैद्याला म्हणाल्या. "सोमवारपासून मी दुसरा माणूस बघते."

बॅग आवरून तो निघून गेला. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. रविवारभर मी आईशी भांडले.

सोमवारी सव्वानऊला दार उघडलं. तोच होता. पाठीवर बॅग नाही, इस्त्रीचा शर्ट, आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. मी माझ्या काचेच्या दारातच थबकले.

साखरबाईनं मान वेळावली. "काय हो, माझ्याकडे आलात?"

"नाही," तो म्हणाला.

ती डॉक्टरबाईंच्या रिकाम्या केबिनकडे बघून हळूच म्हणाली, "मग जा लवकर आत. बाई साडेनऊला येतात."