बंद दाराआडचा एसी

"आज संध्याकाळपर्यंत खरा चोर सापडला नाय, तर सासू मला रोह्याला माहेरी सोडून येणार," सादिया म्हणाली आणि रडूच लागली.

मृणाली चित्रेच्या पेणच्या डिटेक्टिव्ह कचेरीत लोक हरवलेली माणसं शोधून घ्यायला येत. विजेचा चोर पकडा म्हणून कोणी आलं नव्हतं.

सादियाचा नवरा उबेद कतारला नोकरीला. धरमतरजवळच्या घरात सासू, धाकटा दीर अफान आणि ती. ईदपासून विजेचं बिल फुगत चाललेलं. सासूचा आरोप एकच, सून दार लावून एसी लावते आणि वर खोटं बोलते.

"बिलाचं जाऊ दे हो. आता तेपन फोनवर गप्प राहतात. त्यांना मी खोटारडी वाटते."

"एसीच तो, दुसरं काय?" गाडी काढता काढता बाळकाकांनी निकाल दिला. मृणालीचे हे मदतनीस, निवृत्त ड्रॉइंग मास्तर. त्यांचा पहिला अंदाज आजवर कधी बरोबर आला नव्हता, पण उत्साह बघावा तर दांडगा.

ओटीवर सादियाची बॅग भरून ठेवलेली होती. सुनेकडे न बघता सासूनं, जुबेदाबींनी, पाहुण्यांना सरबत दिलं.

काकांनी तोंड वाकडं केलं. "कोमट आहे हो."

"हल्ली बर्फच नीट जमत नाय."

मृणाली मागच्या अंगणात गेली. सादियाच्या खोलीतल्या एसीच्या बाहेरच्या पेटीत, थेट पंख्याच्या पात्यांवर, गवताचं घरटं होतं. आत पिल्लं चिवचिवत होती.

तिथंच अफान त्याची विजेवरची स्कूटर पुसत होता.

"ही कुठं चार्ज करतोस?"

"कंपनीत, ताई. चार्जर तिथंच असतो. घरात लावली असती, तर अम्मीनं आधी माझी बॅग भरली असती."

"हाच!" काका कुजबुजले.

स्वयंपाकघरात उबेदनं घेऊन दिलेला भलामोठा फ्रिज कोपऱ्यात भिंतीला टेकून घूं घूं करत होता. त्याला वरपासून खालपर्यंत मखमली जाड कव्हर, गोधडीसारखं टाके घातलेलं. वर मांजर गाढ झोपलं होतं.

"पावसाच्या ओलीत जागा बरी शोधलीय," काका म्हणाले.

"कव्हर सुंदर आहे," मृणाली म्हणाली.

जुबेदाबी खुलल्या. "ईदला मीच शिवलं. खाडीचा खारा वारा पत्रा खातो ना! पोरानं घाम गाळून घेतलेली चीज. मागूनपन झाकलाय, बघा."

"आवाज सारखाच येतो?"

"व्हय. कधी थांबतच नाय. भारी मशीन हाय!"

मृणालीनं सगळ्यांना तिथंच बोलावलं.

"सादियानं हल्ली एसी एकदा जरी लावला असता, तरी पातं फिरून घरटं उडालं असतं; बिल तर अजून फुगतंच आहे. अफानचा चार्जर घरात नाही. मग न थांबता चालतंय काय? फ्रिज आतली उष्णता मागून बाहेर टाकतो. ती वाट या गोधडीनं आणि भिंतीनं बंद केली. आत गार होईना, म्हणून मशीन थांबेना. बर्फ जमत नाही, सरबत कोमट आणि मांजराला मात्र ऊब. बिल ईदपासून वाढलं. कव्हर कधी घातलंत, जुबेदाबी?"

"ईदलाच," म्हणत जुबेदाबींनी कव्हराला हात घातला.

अफाननं मांजराला खाली ठेवलं, कव्हर काढून फ्रिज पुढं ओढला. मागून गरम वाफारा आला. मग सगळे मशीन थांबायची वाट बघत बसले. चहा झाला, तरी कोणी उठेना.

अखेर फ्रिजची घूं घूं थांबली. मांजर तेवढं नाराज होऊन दुसरी ऊब शोधायला गेलं.

"माझ्याच हातानं केलं गो," जुबेदाबी म्हणाल्या आणि बॅग आत न्यायला उठल्या. सादियानं त्यांचा हात धरला.

"थांबा अम्मी. आधी त्यांना फोन लावा. मला खोटारडी मोठ्यानं म्हणालात ना? हेपन मोठ्यानं सांगा."

फोन लागला. जुबेदाबी मोठ्यानं म्हणाल्या, "उबेद, तुझी बायको खरंच बोलत होती. चूक माझी रे."

मग उबेद म्हणाला, "सादियाकडं दे."

सादियानं फोन घेतला नाही. तिनं बॅग उचलली.

"सांगा त्यांना, मी बॅग रिकामी करतेय. झाली की बोलेन."