खिल्लाराचा खांदा

शेवटच्या आंघोळीसाठी आईला कुशीवर वळवलं, तेव्हा खाटेच्या पायावरून चढलेली मुंग्यांची रांग स्नेहलला थेट आईच्या पाठीतल्या जखमेत शिरताना दिसली. जखमेच्या कडा काळ्यानिळ्या पडल्या होत्या. 

महाळुंगे पडवळच्या भावकीत दहाव्याआधीच ठरून गेलं: अंथरुणाला खिळलेल्या आईचं करणाऱ्या बायडाबाईनं स्नेहलनं पाठवलेलं जस्ताचं मलम तिला लावलंच नाही, आपल्या तान्ह्या नातवाच्या जांघांना लावायला नेलं. हे सांगणारा स्नेहलचा भाऊ, सुदर्शन. बायडाबाईला आता कुणी दारात उभं करेना.

स्नेहल तिच्या घरी गेली. नातवाच्या जांघा लाल, सोललेल्या. मलमाचा मागमूस नव्हता.

"मलम लावत होतात?"

"रोज, ताई. आदी बेटाडिननं पुसायचं, वर मलम. पैलं घट व्हतं, मागची डबी सैल. तवापासून पुसलं की जखम निळी पडायची. मला वाटलं, मांस सडलं."

"डबी कोण द्यायचं?"

"सुदर्शनभाऊच की."

घरी येऊन तिनं आईच्या उशाशी राहिलेल्या त्या डबीत बेटाडिनचा थेंब टाकला. तो काळानिळा झाला.

दहावं उरकताच सुदर्शननं पांढराशुभ्र खिल्लार बैल बेल्ह्याच्या बाजारात विकण्यासाठी धुवायला काढला. भावकीतले थोरले गेणभाऊ कासरा धरून उभे होते. अंगभर पाणी मुरलं. खांद्यावरून मात्र थेंब घरंगळून गेले. स्नेहलनं कोरड्या फडक्यानं तिथं जोर देऊन पुसलं. पांढऱ्या थराखाली जुवानं सोललेलं, पू धरलेलं मांस होतं.

"गेणभाऊ, जस्ताचं मलम पाण्याला दाद देत नाही. आईच्या कातडीला ओल लागू नये म्हणूनच मी ते पाठवत होते. पांढऱ्या बैलावर ते दिसतही नाही. यानं जखम झाकायला ते इथं थापलं नि आईच्या डबीत डालड्यात तांदळाची पिठी कालवून भरली. पिठीवर बेटाडिन निळं पडतं. अन् मुंग्या जस्ताला येत नाहीत, पिठीला येतात."

सुदर्शननं मान वर केली नाही. "आई काय उठून बसणार व्हती का? बैलाला गिऱ्हाईक आलं व्हतं."

गेणभाऊंनी कासरा खाली टाकला, हात धोतराला पुसले. मग पुन्हा पुसले. "बायडाबाईच्या दारात मी जातो," ते म्हणाले. "भावकी घेऊन."

गोठ्याच्या कोनाड्यात एक डबी होती. स्नेहलनंच पाठवलेली, सील न तोडलेली. ती घेऊन स्नेहल त्यांच्या पुढे चालू लागली. बायडाबाईच्या नातवाच्या जांघा अजून तशाच होत्या.